एक काना जास्त

मंगळवार, ३ फेब्रुवारी

माझं आयुष्य आज दुपारी केमिस्ट्रीच्या लॅबबाहेरच्या जिन्यावर बदललं. पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची वणवण नको, म्हणून जागेसकट लिहून ठेवतो: ज्या पायरीचा कोपरा तुटलाय, ती.

ती वरून उतरत होती, मी चढत होतो. ती थांबली. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावता लावता माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला लागली आणि नेमकी घंटा झाली. पहिला शब्द घंटेने खाल्ला. पुढचं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"…माझी वाट बघू नकोस."

खाल्लेला शब्द 'आता' असणार, नाहीतर 'यापुढे'. कुठलाही घाला, घाव तोच. वर ती हसलीसुद्धा. रोज संध्याकाळी सायकल स्टँडवर तिच्यासाठी उभा राहणाऱ्या माणसाला असं हसत हसत सांगायला काळीज दगडाचं लागतं.

मी लॅबच्या दारात तसाच उभा राहिलो. सर म्हणाले, "ॲप्रन घाला आणि आत या. टायट्रेशन तुमच्यासाठी थांबणार नाही." झालं, माझं डोकं फिरलं. "हे कॉलेज नाही, तुरुंग आहे!" असं ओरडून मी ॲप्रन बेसिनमध्ये फेकला. सर शांतपणे म्हणाले, "तुरुंगात बेसिन तुंबवलं तर वेगळी शिक्षा असते. काढा तो." मी काढला, पिळला, ओला ॲप्रन खांद्यावर टाकला आणि कायमचा निघालो. टपटप पाणी गळत असल्यामुळे निघण्याचा रुबाब जरा कमी पडला, पण निर्णय तो निर्णय.

एक गोष्ट मात्र खटकते. तिचा कॅल्क्युलेटर माझ्याकडे आहे आणि तिने तो परत मागितला नाही. संबंध तोडणारी मुलगी आधी वस्तू मागते. म्हणजे दोर पुरता कापलेला नाही. उशीखाली ठेवलाय. बेरजेचं बटण तिच्या बोटाने झिजलंय.

शनिवार, ७ फेब्रुवारी

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. तिथून मशीनचा आवाज येतो आणि तो थांबला की आईमार्फत निरोप.

"विचार त्याला, जेवणार का."

"जेवीन म्हणावं."

"आणि विचार, पुढे काय करणार."

"ते अजून ठरलं नाही म्हणावं."

"मग निम्मंच वाढ म्हणावं," बाबा म्हणाले. हे आईला सांगितलं की मला, ते कळलं नाही. आईने पोटभर वाढलं.

ॲप्रन आईने धुतला, बाबांनी इस्त्री केला आणि दुकानात तयार कपड्यांच्या दांडीवर लटकवला. गिऱ्हाइकाचं नाव लिहायची चिठ्ठी कोरीच. हे टोमणे मला चांगले कळतात.

संध्याकाळी भाऊजी आले. ताईचा नवरा. नगरपालिकेत कारकून आहेत, पण चालतात असे की समोरून येणाऱ्याला वाटावं आता आपली बदली होणार. म्हणाले, गावाबाहेरचा जुना तुरुंग नगरपालिकेच्या ताब्यात आलाय. कैदी कधीच नव्या तुरुंगात गेले, इमारत नुसती पडून आहे. अध्यक्षसाहेबांना तिथं पर्यटन करायचंय. आत जाऊन साफसफाई करायला, काय काय आहे ते बघायला एक सुशिक्षित तरुण हवाय.

"हा अर्धाच सुशिक्षित आहे," बाबा मशीनकडे बघत म्हणाले. "पण घ्या. कॉलेजला तुरुंग म्हणाला होता. आता तुलना तरी नीट करता येईल त्याला."

मी रागाच्या भरात हो म्हणालो. माझे सगळे महत्त्वाचे निर्णय याच भरात होतात आणि मला त्याचा अभिमान आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

तुरुंगात पहिला दिवस. मुख्य दरवाजा हत्ती जाईल एवढा, पण उघडतं त्यातलं छोटं दार. आत जायचं तर वाकावंच लागतं. मी न वाकता गेलो. कपाळावर टेंगूळ आहे.

आत गेल्यावर आधी अंगण, मग भेटीची खोली. मधे दुहेरी जाळी, अलीकडे बाक, पलीकडे बाक. जाळीला एका ठिकाणी बोटांनी ओढून ओढून पोक आलंय. मी त्या पोकात बोट घालून बराच वेळ उभा होतो. मग स्वयंपाकघर, चुलीवर झाकण नसलेलं डेग, त्यात कबुतरांचा संसार. त्यापुढे कोठड्यांची लांबलचक रांग. प्रत्येक दाराला डोळ्याएवढं भोक. आतून बाहेर काहीच दिसत नाही. बाहेरून आत सगळं. प्रेमाचंही असंच असतं. (हे वाक्य चांगलं जमलंय. कुठेतरी वापरायचं.)

फाशीची खोली सापडली नाही. भाऊजींना सांगितलं तर ते खचले. "नीट बघ. असेल कुठेतरी."

"भाऊजी, खोली आहे, हरवलेली पेन्सिल नव्हे."

"मग निदान कुणी मोठा माणूस इथं कैदेत होता का, ते तरी शोध."

चौकशी केली. सायकलचोर होते, दारू पिऊन मारामारी करणारे होते, एक खोटे दात विकणारा होता. या गावातले मोठे लोक बाहेरच राहिले, असं दिसतं.

सगळ्यात शेवटच्या कोठडीचं दार गंजून अर्धवट उघडं अडकलंय. ना उघडत ना मिटत. उद्यापासून त्याला तेल घालणार.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कोठडीतच उकिडवा बसून लिहितोय, अक्षर खराब येईल.

शेवटच्या कोठडीत, खिडकीखालच्या भिंतीवर, खिळ्याने कोरलेली अक्षरं आहेत. वरच्या भागावर चुन्याचे जाड थर, तिथलं काही दिसत नाही. उजवीकडे गिलावा पडलाय. मधे एवढंच शिल्लक आहे:

वाटपा

मी वाचलं आणि अक्षरांवरून परत बोट फिरवलं. वाट पा… 'वाट पाहीन'! पुढचं 'हीन' गिलाव्याबरोबर गेलं. कोण होता तो? कुणाची वाट बघत होता? बारकाईने पाहिलं तर शेवटचा काना 'प'पासून जरा लांब पडलाय आणि वरची रेघही त्याच्यापर्यंत पोचत नाही. हुंदका आला असणार. रडता रडता कोण शिरोरेघ सरळ ओढतं?

तिने मला वाट बघू नकोस म्हटलं, आणि इथं एक माणूस भिंतीला सांगून गेला की बघीन. हा योगायोग नाही. मला कुणीतरी इथं बोलावून घेतलंय. भाऊजी म्हणतात नगरपालिकेने. बोलावं तरी कुणाशी!

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अध्यक्षसाहेब येऊन गेले. छोट्या दारातून वाकताना दोघांनी त्यांना मागून आधार दिला. मी कोठडीत त्यांना सगळं सांगितलं: तो तरुण होता, तापट होता, शिक्षण अर्धवट सोडलेलं. तिने हसत हसत त्याला नकार दिला. रागाच्या भरात त्याच्या हातून काहीतरी फुटलं. (काय, ते ठरायचंय.) इथं आला. आणि जिने वाट बघू नकोस म्हटलं तिचीच वाट बघत भिंत कोरत बसला.

साहेबांनी रुमाल काढला. डोळे पुसतील असं वाटलं, पण त्यांनी मान पुसली. मग विचारलं, "आपल्या वॉर्डातला होता का?"

"असावा, साहेब," भाऊजी माझ्या आधी म्हणाले.

"मग बोर्ड लावा. 'प्रतीक्षा कोठडी'. खाली माझं नाव. त्याचंही लिहा, जागा उरली तर."

त्याचं नाव आम्हाला माहीत नाही, असं मी म्हणालो. साहेब म्हणाले, "मग जागेचा प्रश्नच मिटला."

रविवार, २२ फेब्रुवारी

तुरुंग लोकांसाठी उघडला. गर्दी! मी सगळ्यांना फिरवतो, शेवटी त्या कोठडीत नेतो, आवाज खाली आणतो आणि गोष्ट सांगतो. नवराबायका एकमेकांचा हात धरतात. एका आजोबांनी हुंदका दिला. मग कळलं त्यांच्या डोळ्यात चुना गेला होता, पण बाकीच्यांचं खरं होतं.

प्रत्येक तुकडीतला एकजण विचारतोच, पुढे त्याचं काय झालं? सकाळच्या फेरीत तो सुटला. दुपारी आजारी पडला. संध्याकाळच्या शेवटच्या तुकडीला मी त्याला मारून टाकलं. लोकांना संध्याकाळचं सगळ्यात आवडलं.

मी खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. सगळं तर माझ्यावरूनच सांगतोय.

सोमवार, २ मार्च

आज एक सद्गृहस्थ आले. मोबाइलची कव्हरं विकतात. थेट कोठडीत गेले, भिंतीला डोकं टेकवलं आणि म्हणाले, "पणजोबा!"

मी गारच झालो. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"त्यांचं नाक कसं होतं म्हणालात?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"सांगा ना. आमच्याकडे सगळ्यांची नाकं सरळ आहेत."

"सरळच होतं," मी म्हणालो. पणतूने डोळे मिटले. "तेच ते."

मग म्हणाले, बोर्डाच्या उद्घाटनाला घरच्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या लागतील. मी विचारलं, तुमचे पणजोबा तिची वाट बघत इथंच गेले, मग तुमची पणजी कोण? ते जरा अडखळले. "मनावर दगड ठेवून लग्न केलं असणार हो त्यांनी. माणूस किती सोसतो!"

मला त्यांचा संताप आला. माझ्या कैद्याचं असं परस्पर लग्न लावून देणारे हे कोण?

गुरुवार, ५ मार्च

नवा हुकूम. नुसती भिंत बघून लोकांचं भागत नाही, आत कैदी दिसला पाहिजे. दाढी वाढव, पट्ट्यांचे कपडे घाल आणि कोठडीत बसून उसासे टाक, असं भाऊजी म्हणाले. गोष्ट आता भोंग्यावर वाजणार, भाऊजींच्या आवाजात.

कपडे बाबांकडेच टाकले. म्हणजे माप द्यायला मलाच उभं राहावं लागलं. इतक्या दिवसांनी समोरासमोर.

"हात वर." वर केले.

"श्वास सोड. फुगून उभा राहू नकोस, छाती तेवढीच आहे." सोडला.

"पट्टे आडवे का उभे?"

"आडवे. कैद्यांचे आडवे असतात."

"आडव्यात जाडा दिसशील."

"कैदी आहे मी, बाबा. कसा का दिसेना."

ते टेप गळ्यात टाकून खडूने कापडावर रेघा मारत राहिले. मग म्हणाले, "शिवणीत माया जास्त ठेवतोय. उसवून दुसरं काही करायचं झालं तर कापड कमी पडायला नको."

"दुसरं काय करायचंय त्याचं?"

"ते अजून ठरलं नाही म्हणावं," बाबा म्हणाले. शिवणकाम सोडून दुसरा विषयच नाही त्यांना.

संध्याकाळी कपडे तयार. आतून एक खिसा लावलाय. मी म्हणालो, कैद्याला कसला खिसा? ते म्हणाले, "असू दे. माणसाकडे काहीतरी असतंच." कॅल्क्युलेटर त्यात बरोब्बर मावतो. योगायोग.

बुधवार, ११ मार्च

कैदेत. सकाळी येताना नगरपालिकेच्या हजेरीच्या मशीनसमोर चेहरा दाखवतो, मग आत जाऊन बसतो. कालपासून दाढीमुळे मशीन मला ओळखत नाही. "अनोळखी व्यक्ती" म्हणतं. म्हणजे काल कैदी गैरहजर होता असं धरलं आहे.

कोठडीतून उठायची परवानगी नाही. उसासा दर फेरीला एक. दोन टाकले तर भाऊजी भोकाला डोळा लावून म्हणतात, "आवर, रांग तुंबते." पोरं खिडकीच्या गजांमधून शेंगदाणे फेकतात. एका बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "बघा, असं असतं प्रेम," तर तो म्हणाला, "याला चहा वगैरे मिळतो का गं?"

दाराला तेल मुरलंय. आता एका बोटाने मिटतं, आवाज न करता. कॉलेजमध्ये तीन वर्षांत एवढं नीट काही माझ्याच्याने झालं नव्हतं. दार बंद होऊन बाहेरची कडी आपोआप पडते तेव्हा मला फार बरं वाटतं. का, ते सांगता येत नाही.

आई येऊन गेली. डबा गजांमधून आत दिला आणि पदराने डोळे पुसले.

"आई, हे खोटं आहे गं सगळं."

"माहीत आहे रे. पण दिसतंय ना."

बाबा? बाहेर रस्त्यापलीकडे सायकल धरून उभे होते म्हणे. आत यायला तिकीट लागतं, म्हणून आले नसतील.

शनिवार, १४ मार्च

ती येणार!

बोक्याने सांगितलं. बोका म्हणजे माझा कॉलेजमधला मित्र. तिच्या वर्गात आहे आणि सगळीकडे पाय न वाजवता जातो. आज रांगेत उभा राहून, रीतसर तिकीट काढून माझ्या गजांपाशी आला.

"पुढच्या रविवारी येतेय ती. ही कोठडी तासभर फक्त तिच्यासाठी हवी आहे म्हणून विचारत होती."

"एकांतात?"

"एकांतात म्हणजे… ऐक ना, एक सांगायचं होतं—"

"नको सांगूस! तिच्या तोंडून ऐकू दे."

"अरे पण गाढवा—"

"बोक्या, मागे रांग आहे."

तो डोक्याला हात लावून गेला. मी त्या फेरीला सलग तीन उसासे टाकले. भाऊजी ओरडले, पण हे खरे होते.

शेवटी तिला कळलं. कुणीतरी आपली वाट बघत तुरुंगात बसलंय हे साऱ्या गावाला कळलं, मग तिला कसं कळणार नाही? तिच्यासमोर काय बोलायचं ते पाठ करतोय. सुरुवात: "मी म्हणालो होतो का वाट बघणार नाही?" जमतंय.

शनिवार, २१ मार्च

उद्यासाठी भिंत पुसायला घेतली. अक्षरांवर ओलं फडकं हलकेच फिरवत होतो. वरच्या चुन्याला पोपडा सुटला होता, तो ओढला. सगळा थर पापडासारखा हातात आला.

खाली अक्षरं आहेत. तोच खिळा, तोच हात.

साबण

मी परत वाचलं. साबण. त्याच्या खाली 'वाटप'. आणि मग तो काना. गिलावा पडलेल्या जागेच्या पलीकडचाही चुना काढला. तिथं तसेच काने. उभे, ओळीने, एकापुढे एक, चार झाले की आडवा मारलेला. एवढे काने लागणारा शब्द भाषेत नाही.

साबण वाटप. ही कोठडी नव्हतीच. साबणाचं कोठार होतं. कुणीतरी वड्या मोजत होता, आणि पहिली रेघ प अक्षराच्या जरा जवळ पडली.

भाऊजींना बोलावलं. त्यांनी वाचलं, दार लोटलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "आणखी कुणी पाहिलं?" मग चुन्याची बादली पाठवून दिली. बादली समोर आहे. ब्रशही आहे.

मी ब्रश उचलला नाही. का नाही उचलला, माहीत नाही. उद्या ती येणार. उद्याच्या बोर्डाच्या उद्घाटनासाठी आणलेला एक जुना पडदा होता, तो भिंतीवर खिळ्याला टांगून दिलाय.

रविवार, २२ मार्च

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मलाच पुढे खरं वाटायचं नाही.

सकाळी ती आली. तिच्यामागून फोटोवाला आला, त्याच्यामागून एक उंच मुलगा कोट घालून आला, आणि त्याच्यामागून अध्यक्षसाहेब. तो साहेबांचा पुतण्या. तिचं त्याच्याशी लग्न ठरलंय. लग्नाआधीचे फोटो 'प्रतीक्षा कोठडी'त काढायचे, ही कल्पना त्याची. बोका मला हेच सांगत होता.

पाठ केलेलं सगळं विसरलो. फोटोवाल्याने माझ्या हातात एक चकचकीत पत्रा दिला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही कैदी ना? जरा उजेड तिच्या तोंडावर पाडा." मी पाडला. माझ्याच हाताने. ती गजांना धरून बाहेर बघत होती, तो बाहेरून तिच्याकडे. म्हणजे आत ती आणि बाहेर तो. माझी गोष्ट उलटी लावली होती त्यांनी, पण फोटो छान आले असणार.

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"अय्या, तू? दाढीत ओळखलंच नाही! अरे, कॉलेज का सोडलंस? आम्हाला वाटलं तुला टायफॉइड झाला."

माझं डोकं भणभणलं. "तू म्हणालीस म्हणून."

"मी? काय म्हणाले?"

"जिन्यावर. माझी वाट बघू नकोस, म्हणालीस."

ती आठवायला लागली. खरंच आठवायला लागली, कपाळाला आठ्या घालून. माझ्या आयुष्याची तारीख ती डब्यात भाजी कुठली होती तशी आठवत होती.

"हां! मंगळवारी. अरे, 'आज' म्हटलं मी. आज माझी वाट बघू नकोस. मला मावशीकडे जायचं होतं मागच्या गेटने. तू बिचारा रोज सायकल स्टँडवर असायचास, उगाच ताटकळला असतास."

आज. घंटेने खाल्लेला शब्द 'आज' होता.

"आणि नंतर तू आलाच नाहीस," ती म्हणाली. "मी दोन-तीनदा थांबले तुझ्यासाठी स्टँडवर. बराच वेळ."

मी पत्रा खाली ठेवला. "माझ्यासाठी थांबलीस?"

"मग! माझा कॅल्क्युलेटर तुझ्याकडे होता ना. परीक्षेत सगळ्या बेरजा हाताने केल्या मी."

तेवढ्यात भाऊजी "उद्घाटन, उद्घाटन" करत आले. पणतूही आले, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून उठून. साहेब भिंतीसमोर उभे राहिले. "हा पडदा कसला?"

"राहू दे साहेब," भाऊजींचा आवाज चिरकला.

मला काय झालं ते सांगतो: काहीच झालं नाही. राग आला नाही. एरवी मी सगळं रागाच्या भरात करतो. हे एकच मी डोकं ठिकाणावर ठेवून केलं. पडदा ओढला.

साबण वाटप. आणि ओळीने काने.

फोटोवाला म्हणाला, "हे फ्रेममध्ये नको हं."

साहेबांनी चष्मा लावला, काढला. मी म्हणालो, "इथं कुणी कुणाची वाट बघत नव्हतं, साहेब. मी एक काना जास्त वाचला. साबणाचं कोठार आहे हे."

आता मला हाकलतील, असं वाटलं. बोर्ड फोडतील, पणतू खाली मान घालेल. तर पणतूने भिंतीला पुन्हा डोकं टेकवलं. "पणजोबा! स्वच्छतेचे किती भोक्ते होते म्हणून सांगू! स्वतः वास घेऊन वड्या वाटायचे."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे समाजसेवक होता. मी सुरुवातीलाच म्हणालो होतो, आपल्या वॉर्डातला असणार."

"'स्वच्छता कोठडी', साहेब," भाऊजी म्हणाले. "बोर्ड तोच ठेवू. एकच शब्द बदलायचा."

"'प्रतीक्षा' जाऊ देऊ नका. 'स्वच्छतेच्या प्रतीक्षेत' करा. खर्च वाचेल. आणि याला" (म्हणजे मला) "हातात साबण द्या. उसासे बंद. आता फेस काढायचा."

ती हसली. आधी ओढणीत, मग खदाखदा, डोळ्यातलं काजळ गालावर येईपर्यंत. त्या दिवशी जिन्यावर हसली होती ते असंच होतं. त्यात क्रूर काही नव्हतं. नुसतं हसू होतं. मला ते आज दिसलं, आणि उपयोग काही नाही.

मी आतल्या खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि दिला. तिने लगेच चालू करून बघितला. "चालतोय रे! थँक्यू. आणि ऐक, सर विचारत होते तुझ्याबद्दल. म्हणत होते, तो बेसिनवाला परत आला तर त्याला पाठवून द्या." नवरदेवाने अंगणातून हाक मारली, ऊन चांगलं आलं होतं. ती पळाली. फोटोवाला पत्रा घेऊन तिच्यामागे.

कोठडीत उरले साहेब, पणतू आणि भाऊजी. बोर्डावर कुणाचं नाव आधी यावं यावरून जुंपली होती. पणतू म्हणत होता, वड्या आमच्या घरच्यांनी वाटल्या. साहेब म्हणत होते, भिंत नगरपालिकेची आहे. भाऊजी दोघांनाही "बरोबर" म्हणत होते.

"ए, कुठे निघालास?" भाऊजींनी मान न वळवता विचारलं. "तुझी जागा इथे."

मी अंगातल्या पट्ट्यांकडे बघितलं. आडवे. खरंच जाडा दिसत होतो. शिवण बोटाने चाचपली, आत कापड दुमडून ठेवलेलं लागलं. भरपूर ठेवलंय त्यांनी. दुकानातल्या दांडीवर इस्त्री केलेला ॲप्रन अजून लटकतोय. चिठ्ठी कोरी आहे. सकाळी निघताना बघितली होती.

"बाबांनी बोलावलंय," मी म्हणालो. कुणी बोलावलं नव्हतं. पण या तुरुंगात सांगितलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा ही जास्त खरी वाटली.

कोठडीतून बाहेर पडलो. आतून साहेबांचा आवाज येत होता, "आधी माझं, मग साबणाचं." मी दाराला एक बोट लावलं. तेल इतकं छान मुरलंय की ते आवाज न करता मिटलं, आणि बाहेरची कडी आपली आपण पडली.